भिंतीपलीकडची जास्वंद

बाग तयार होऊन नऊ दिवस झाले होते आणि बाबांनी तिच्यातल्या एकाही फुलाला हात लावला नव्हता.

मी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. बाबा साडेपाचला उठतात. काठी घेतात, खुंटीवरची कापडी पिशवी घेतात आणि मागच्या दाराने अंगणात उतरतात. आधी जास्वंद लागते. दुहेरी पाकळ्यांची, गडद लाल; वाकावं लागू नये म्हणून मी ती कमरेएवढ्या उंच वाफ्यात लावली होती. दवाखान्यात शेजारच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं बाबा तिच्याकडे पाहायचे आणि पुढे जायचे. तगर, मोगरा, शेवंती, सगळ्यांच्या वाट्याला तेच. मग ते थेट फाटकापाशी. फाटक नजरेस पडू नये म्हणून मी तिथे बांबूचा टट्टा उभा केला होता आणि त्यावर मधुमालती चढवली होती. बाबा टट्ट्याच्या फटींत बोटं घालायचे आणि हलवायला लागायचे. आधी हळू, मग जोरात.

"हे काहून बंद केलं? कोणी बंद केलं हे?"

तो टट्टा अर्धा-अर्धा तास वाजत राहायचा. मी ओट्यापाशी उभी राहून दुधाचं भांडं उगाच इकडचं तिकडे करायची.

बाबांना विसरण्याचा आजार होऊन चार वर्षं झाली. आई होती तोवर तो आम्हाला नीट दिसलाच नाही. कोणी बाबांना काही विचारलं की उत्तर आई द्यायची. "श्यामकांतांना गोड चालत नाही." "श्यामकांतांना तो माणूस आठवतो, पण आवडत नाही." आम्हाला वाटायचं, ही मध्ये मध्ये बोलते. फेब्रुवारीत सहा दिवसांच्या तापाने ती गेली आणि सातव्या दिवशी बाबांनी मला विचारलं, "तुमी कोणाकडं आले?"

मी माझा फ्लॅट सोडून समता कॉलोनीतल्या या घरी राहायला आले.

सप्टेंबरात एका पहाटे बाबा फाटक उघडून गेले ते अकरा वाजता पुरानी बस्तीत सापडले. चार किलोमीटर. एका देवळाच्या पायरीवर बसले होते. काठी कुठेतरी राहिली होती, पिशवी मात्र फुलांनी गच्च भरलेली होती. माझ्या धाकट्या भावाला, पुष्करला, मी हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण सांगितलं. तो पुण्यात असतो.

"ताई, या वेळी देऊळ होतं. पुढच्या वेळी ट्रक असेल."

"मी नवीन कडी बसवलीय."

"म्हणजे कोंडून ठेवणार? हे बघ, इथे एक जागा आहे. अशाच लोकांसाठी. मी पाहून आलोय, माणसं चांगली आहेत. दिवाळीच्या आधी मी येतो. तोवर ते पुन्हा बाहेर गेले, किंवा तू त्यांना बंद करून ठेवलेलं मला दिसलं, तर मी त्यांना घेऊन जाणार. दोन्हीपैकी काहीही."

मी त्याच्याकडून सहा आठवडे मागून घेतले. बाबा आणि पुणे हे दोन शब्द मला एका वाक्यात ठेवता येत नव्हते. बाबांनी अठ्ठ्याहत्तर वर्षं रायपुरात काढली. आता त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, पण अंगणाची पायरी, ओट्याचा कोपरा, न्हाणीघराचा नळ हे सगळं ओळखीचं आहे. तिकडे त्यांना काहीच ओळखीचं उरणार नाही. आणि मला या घरात काय उरेल, हा प्रश्न मी त्या वेळी स्वतःला विचारला नाही.

बागा करणं हा माझा धंदा आहे. नवा रायपुरच्या रुंद रस्त्यांचे दुभाजक आणि संस्थांच्या हिरवळी मी आखते. तिथून माणसं गाडीत बसूनच जातात, त्यामुळे वास, स्पर्श, आवाज यांचा प्रश्नच येत नाही. घरामागचं अठरा बाय तीस फुटांचं अंगण ही वेगळी गोष्ट होती. मी वाचायला बसले. बसले म्हणणंही खोटं आहे. आई गेल्यापासून मी सलग दोन पानं वाचलेली नाहीत. उभ्यानं, जिन्यात, गाडी सिग्नलला थांबली की, असं करत मी स्मृती गेलेल्या माणसांच्या बागांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. वाट गोल असावी, कुठेही बंद होऊ नये, कारण बंद वाटेच्या टोकाशी असा माणूस घाबरतो. वाफे उंच असावेत. पानं चुरगळली की वास येणारी झाडं हाताशी असावीत. विषारी काही नको. बाहेर जाण्याचं दार दिसता कामा नये.

मी तसंच केलं. गवती चहा, मरवा, पानओवा, सब्जा. एका दगडी डोणीत थेंब थेंब पडणारं पाणी. हातात घेतलं की मऊ लागेल अशा पानांची एक रांग. कण्हेर विषारी म्हणून ती यादीतूनच काढली. माझ्या कामांवर वीस वर्षं माळीकाम करणाऱ्या शंकरनं शोभेसाठी वाटेवर काळ्या फरशीची एक पट्टी आडवी घातली होती. बाबा तिच्यापाशी येऊन थांबले आणि काठीनं खोली मोजू लागले. त्यांना तो खड्डा वाटला. ती पट्टी काढून तिथे बाकीच्या वाटेसारखीच फरशी घातली.

आणि फुलं. फुलांवर माझी सगळी मदार होती.

आमच्या घरी देव भरपूर आणि फुलझाड एकही नाही. आईच्या कुंड्यांत तुळस, कढीपत्ता, कोथिंबीर, इतकंच. देवाची फुलं बाबा आणायचे, दुसऱ्यांच्या कुंपणांवरून. तीस वर्षं रोज पहाटे काठीची मूठ उलटी करून तिची आकडी करायची, भिंतीवरून बाहेर आलेली फांदी ओढायची, तोडायची आणि चालू लागायचं. कॉलोनीत त्यांना सगळे ओळखत. लहानपणी मला त्याची इतकी लाज वाटायची की शाळेच्या बसमध्ये मी त्या घरांकडे बघायचीही नाही. शेजारच्या घरातली म्हातारी तर व्हरांड्यात खुर्ची टाकून पहारा द्यायची. तिनं भिंतीवर पाटीही लावली होती, 'फूल तोड़ना मना है'. बाबा त्या पाटीच्या बरोबर खालचं फूल घ्यायचे.

माझा तर्क सरळ होता. घरात फुलं नाहीत म्हणून बाबा बाहेर जातात. घरात फुलं आली की जाणार नाहीत.

"बाबा, बघा किती फुललीय. घ्या ना."

"कोणाची आहे?"

"आपलीच."

"आपली आहे तर राहू दे नं मग. काहून तोडून राहिली?"

मी तोडत नव्हते. पण एक दिवस खरंच मीच चार फुलं तोडली आणि त्यांच्या पिशवीत घातली. त्यांनी ती काढून वाफ्याच्या कडेवर ओळीनं मांडली आणि टट्ट्याकडे गेले.

मी कुंड्या हलवत राहिले. मोगरा पायरीजवळ आणला, पुन्हा मागे नेला. शेवंतीच्या जागी झेंडू लावला. रात्री आखायचं, सकाळी बदलायचं.

"दीदी," शंकर एकदा म्हणाला, "पौधा को एक जगह बैठने दो. जड़ कब पकड़ेगा?"

"पकड़ेगा," मी म्हणाले आणि मरव्याचा वाफा हलवायला सांगितला.

दहाव्या दिवशी, मंगळवारी, पुष्करचा फोन आला. गुरुवारी संध्याकाळी पोहोचतो. मी "बरं" म्हणाले आणि खिडकीकडे वळले. बाबा वाटेच्या मधोमध उभे होते, शेजारच्या भिंतीपाशी. तिकडच्या जुन्या जास्वंदीची एक फांदी भिंतीवरून आमच्याकडे आली होती. साधी, पाच पाकळ्यांची जास्वंद, दोन फुलं. माझी दुहेरी जास्वंद त्यांच्या मागे चार पावलांवर सोळा-सतरा फुलांनी भरलेली.

बाबांनी उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. काठी उलटी केली, मूठ फांदीत अडकवली, हळूच खाली ओढली. दोन्ही फुलं एका दमात पिशवीत. मग त्यांनी पिशवी पोटाशी धरली आणि ते चालू लागले. नेहमीची ती पाय घासणारी चाल नव्हती. थोडं वाकून, झपझप, ओठांच्या एका कोपऱ्यात हसू. ते माझ्याकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे येत होते. तुळशीपाशी आल्यावर मात्र ते काहीतरी विसरले, थांबले, आणि टट्ट्याकडे वळले.

त्यांना फूल नको होतं, दुसऱ्याचं फूल हवं होतं. इतकी साधी गोष्ट मला सहा आठवडे कळली नव्हती.

त्या दिवशी नवा रायपुरला मीटिंग होती, ती टाळता येण्यासारखी नव्हती. सकाळच्या कामाला येणाऱ्या बाईंना बाबांजवळ बसवून मी निघाले. तिथे कोणीतरी दुभाजकातल्या झुडपांच्या उंचीबद्दल बोलत असताना मला एकदम आठवलं, ती फांदी कापायला मीच सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात. पानं पडून वाट निसरडी होते म्हणून. मी बाहेर येऊन शंकरला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मीटिंग अर्धी सोडून मी निघाले, तर त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या रस्त्यावरही मला गाडी सारखी अडते आहे असं वाटत होतं.

फांदी कापून, तिचे तुकडे करून, सुतळीनं बांधून भिंतीशी ठेवलेले होते.

"शंकर, ये क्या किया?"

"आप ही तो बोले थे, दीदी." त्यानं कोयता पुसला. "भिंत एकदम साफ कर दिया हूँ."

संध्याकाळी टट्टा हलवताना बाबांच्या बोटात बांबूची काडी गेली. मी चिमट्यानं ती काढत होते तेव्हा ते मला समजावत होते, "बाई, मले जाऊ द्या. घरी वाट पाहून राहिली असंल ती." मी बोटाला हळद लावली. ती कुठे आहे ते मी सांगितलं नाही. मार्चपर्यंत सांगत होते. दर वेळी बाबांना ते पहिल्यांदाच कळायचं आणि दर वेळी मला ते पुन्हा पाहावं लागायचं.

मी तशीच हळदीच्या हातांनी शेजारी गेले.

पाटी लावणारी म्हातारी तीन वर्षांपूर्वी वारली. आता घरात तिची सून चेतना असते. माझ्याच वयाची, मोठ्या आवाजाची. आमचं बोलणं म्हणजे फाटकातला नमस्कार, त्याहून जास्त नाही.

"चेतना, एक बात पूछनी थी. मैं अपने कुछ पौधे तुम्हारे यहाँ लगा दूँ? दीवार से सटाके. हमारी तरफ झुके हुए."

"मेरे यहाँ? क्यों, तुम्हारे यहाँ धूप नहीं आती?"

मी सगळं सांगितलं. बांबूची काडी, पुष्कर, गुरुवार. सांगताना माझ्या लक्षात आलं की गेल्या आठ महिन्यांत मी कोणाशी एवढं बोलले नव्हते. ती आधी गंभीर झाली आणि मग तिला हसू आवरेना.

"मतलब अंकलजी को चोरी ही करनी है!"

"हाँ."

"बीस साल मेरी सास का बी.पी. बढ़ाया है उन्होंने! और तुम्हारी मम्मी, हर दिवाली को अनारसे की थाली भेजती थीं. साथ में चिट्ठी, इस साल का हर्जाना." तिनं डोळे पुसले. "सास पूरी थाली अकेले खाती थीं. हमको एक नहीं देती थीं."

नुकसानभरपाईची ती चिठ्ठी मला माहीत नव्हती. आई अनारसे शेजारी पाठवायची एवढंच माहीत होतं. मला वाटायचं, माफी म्हणून.

"लगा लो," चेतना म्हणाली. "और वो तुम्हारी खुशबूवाली घास है ना, चाय में डालने की, वो एक गड्डा मेरे को देना."

बुधवारी शंकरनं दुहेरी जास्वंद, तगर आणि पारिजातकाचं डोक्याएवढं झाड मुळांच्या मातीसकट उचलून भिंतीपलीकडे नेलं. तो दिवसभर पुटपुटत होता. "लोग अपना बगीचा अपने घर में लगाते हैं. हमर दीदी पड़ोसी के घर में लगाथे." फांद्या आमच्या बाजूला झुकवून बांधल्या. संध्याकाळी भिंत पुन्हा भरलेली दिसायला लागली. पारिजातकानं त्या उचलाउचलीत अर्ध्या कळ्या टाकल्या होत्या, पण जास्वंद टिकली.

गुरुवारी सकाळी मी पाचपासून खिडकीत होते. बाबा आले. भिंतीपाशी थांबले. उजवीकडे, डावीकडे. काठी उलटी झाली. फांदी खाली आली. त्यांचा हात फुलापर्यंत पोहोचला आणि तेवढ्यात चेतना भिंतीपलीकडून, अगदी प्रेमानं, म्हणाली,

"लीजिए ना अंकलजी, लीजिए! सब आपका ही तो है!"

बाबांनी फांदी सोडली. ती उसळून वर गेली. ते काही क्षण तसेच उभे राहिले, पकडले गेलेल्या नव्हे, तर अपमान झालेल्या माणसासारखे. मग रिकामी पिशवी घेऊन टट्ट्याकडे गेले. त्या सकाळी त्यांनी तो पाऊण तास हलवला.

चेतना धावत आली. "क्या हुआ? मैंने तो अच्छे से बोला."

"अच्छे से ही तो बोला."

"तो? तुम्हारी मम्मी गईं उसके बाद मैंने ही पूरी कॉलोनी में बोला है, अंकलजी फूल तोड़ें तो कोई कुछ मत बोलना. बोर्ड भी मैंने निकाल दिया. सब लोग अब हाथ में देते हैं उनको. किसी ने तो टोकरी भर के..."

ती बोलत राहिली. मी ऐकत होते आणि ती सप्टेंबरची सकाळ माझ्यासमोर उभी राहत होती. बाबा पहिल्या भिंतीपाशी जातात. कोणी ओरडत नाही. उलट हातात फुलं देतात. मग ते पुढच्या भिंतीपाशी जातात, तिथेही तेच. त्याच्या पुढच्या. त्याच्या पुढच्या. तीस वर्षं त्यांना कोणीतरी ओरडायचं आणि ते फुलं पोटाशी धरून घरी पळायचे. चोरी केलेला माणूस पुढे जात नाही, घरी पळतो. ओरडणारं कोणी उरलं नाही म्हणून ते चार किलोमीटर चालत गेले. लोक दयाळू झाले होते आणि बाबांना परत फिरायला कारणच मिळत नव्हतं.

"चेतना," मी म्हणाले, "तुम्हारी सास कैसे चिल्लाती थीं?"

"हाय राम. अब वो भी करना पड़ेगा?"

"कल सुबह. साढ़े पाँच बजे."

"मेरे पति उठ जाएँगे."

"उठने दो."

पुष्कर संध्याकाळी सातला आला. बाबांनी त्याला नमस्कार केला आणि बसायला खुर्ची दिली, पाहुण्याला देतात तशी. तो अंगणात आला, वाट फिरला, गवती चहाचं पान चुरगळून पाहिलं. टट्ट्यापाशी थांबला. बांबूवर दोन ठिकाणी वाळलेलं रक्त होतं.

"ताई, हे काय आहे?"

"आड केलंय. फाटक दिसलं की..."

"कुलूपच आहे हे. फक्त हिरवं."

त्याचं चुकलं नव्हतं. मी आत गेले, कोयता आणला आणि टट्ट्याच्या सुतळ्या कापायला लागले. मधुमालतीची वेल त्यात गुंतली होती, ती तुटत होती. पुष्कर म्हणाला, "अगं, आत्ता कुठे? सकाळी कर." मी थांबले नाही. त्यानं मग दुसऱ्या बाजूनं टट्टा धरला आणि आम्ही दोघांनी तो काढून भिंतीशी आडवा ठेवला. फाटक उघडं पडलं. त्याला कडी होती, कुलूप नव्हतं. पलीकडे रस्ता दिसत होता.

"उद्या सकाळी गेले तर?" पुष्करनं विचारलं.

"तर तू त्यांना घेऊन जा."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला सांगता येणार नाही. मी रात्रभर त्याच्यावर पांघरूण घालत होते आणि ते पुन्हा पुन्हा बाहेर येत होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात दिवा न लावता उभे होतो. पुष्कर फाटकाच्या बाजूच्या दाराशी, कधीही धावता येईल असा. बाबा उठले. काठी. पिशवी. मागचं दार. पायरीवर थांबून त्यांनी हवा हुंगली, मग उतरले. समोर, वाट जिथे दुभंगते तिथे, डावीकडे फाटक आणि उजवीकडे भिंत. ते उभे राहिले. फाटकाकडे पाहत राहिले. बराच वेळ. एक स्कूटर रस्त्यावरून गेली, तिच्यामागे त्यांचं डोकं वळलं. पुष्करचा हात दाराच्या कडीवर गेला.

"थांब," मी म्हणाले.

बाबांनी एक पाऊल फाटकाकडे टाकलं. दुसरं टाकलं. मी श्वास घेत नव्हते असं म्हणणार नाही. मी फार जोरात घेत होते, पुष्करनं माझ्याकडे वळून पाहिलं इतक्या जोरात. मग वाऱ्यानं भिंतीवरची फांदी हलली. पारिजातकाची दोन-चार फुलं वाटेवर पडली. बाबा थबकले. त्यांनी जमिनीकडे पाहिलं, फुलं उचलली नाहीत, ती कुठून आली ते पाहिलं. उजवीकडे. डावीकडे.

काठी उलटी झाली.

पहिलं फूल. दुसरं. तिसरं. ते आता निवांत होते, निवडून घेत होते, कोमेजलेलं सोडत होते. चेतनाचा पत्ता नव्हता. झोपली, मी मनात म्हणाले. चौथं. पाचवं. पिशवी भरली की ते पुढे निघतील, पुढची भिंत नाही, पुढे फाटकच आहे.

"कोन आय रे उहाँ!"

मी दचकले. पुष्कर दचकला. भिंतीपलीकडून आवाज आला तो चेतनाचा नव्हताच. घशातून खरवडून काढलेला, म्हातारा, संतापलेला.

"फूल चोर! ठहर, तोर टाँग टोरत हौं! रोज-रोज के धंधा हे! लाज-सरम नइ हे डोकरा ला!"

"कोण ओरडतंय बाबांवर?" पुष्कर दार उघडायला निघाला. "कोण आहे ती बाई? ताई, सोड मला!"

मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. "नको. पुष्कर, नको. बघ."

बाबा वाकले होते. पिशवी पोटाशी. फाटक त्यांच्यापासून सहा पावलांवर होतं, स्पष्ट दिसत होतं, आणि त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते वळले आणि वाटेवरून झपझप आमच्याकडे यायला लागले. तुळशीपाशी मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते पायरीवर होते. धापा टाकत होते आणि हसत होते. दार ढकलून आत आले, मागे वळून ते लावून घेतलं, वरची कडीही घातली. आणि तिला पाठ लावून उभे राहिले.

"गेली का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

पुष्करनं खिडकीतून पाहिलं. "गेली, बाबा."

"लय खराब बाई आहे." त्यांनी पिशवी ओट्यावर उपडी केली. जास्वंदी, तगर, एक तुटकी कळी. त्यांची नजर स्वयंपाकघरभर फिरली, ओट्यापाशी, देवघराच्या दाराशी, पुन्हा ओट्यापाशी. मला माहीत होतं ती काय शोधते आहे. मी ताम्हण काढलं, विसळलं आणि त्यांच्यासमोर धरलं, म्हणजे हातांना काहीतरी काम. त्यांनी एकेक फूल देठ आत, पाकळ्या बाहेर, असं गोल लावायला घेतलं. त्या ताम्हणाच्या कडा आईनं घासून घासून पातळ केल्या होत्या. मी ते धरून उभी राहिले. कितीतरी दिवसांनी मी एका जागी इतका वेळ उभी होते.

पुष्कर अंगणात गेला. भिंतीपाशी जाऊन त्यानं पलीकडे काहीतरी म्हटलं. चेतनाचं हसणं ऐकू आलं आणि मग तिच्या नवऱ्याचा वैतागलेला आवाज. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात फोन होता.

"पुण्यातल्या त्या लोकांना सांगतो, यंदा नको म्हणून." तो माझ्याकडे पाहत नव्हता. "पण ताई, थंडीत ही जास्वंद इतकी फुलत नाही. मग काय करशील?"

मी ते आधीच मोजत होते. डिसेंबरात शेवंती, पण ती भिंतीवरून झुकत नाही. जानेवारीत काय? चेतनाची मनधरणी करावी लागेल, तिच्या नवऱ्याचीही. पलीकडच्या तिसऱ्या घरात कुंद आहे, त्या बाईशी मी कधी बोललेले नाही. तिलाही शिव्या द्यायला शिकवावं लागेल. आणि एखाद्या सकाळी कोणीच ओरडलं नाही, तर.

बाबांनी शेवटचं फूल लावलं. मग माझी बाही ओढली, आणि पुष्करला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी आले. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं, पण मी त्यांच्या बाजूची आहे हे कळलं होतं.

"उद्या तू पण चाल," ते म्हणाले. "पण चप्पल नको घालू. आवाज होते."